दिपमालेला खिळे ठोकले नाहीत

बाळंतपणात मेलेल्या बाईच्या टाचांत खिळे ठोकतात. घराच्या उंबऱ्यातही एक ठोकतात. तिरडी निघाली की मागून राळे टाकत जातात, पार जाळायच्या जागेपर्यंत. म्हणजे ती रात्री उठून घराकडे निघालीच, तर वाटेवरचा दाणा न् दाणा वेचत बसेल आणि वेचून होईतो उजाडेल. ही जुन्या काळातली गोष्ट नाही. पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात मोबाईलला रेंज आहे, घरोघरी डिश आहे, आणि फडताळात राळ्याची पुरचुंडी आहे. राळे आता कुणी खात नाही. ठेवतात ते फक्त एवढ्यासाठी.

खिळे ठोकायचं काम सासूचं. पुरुष हात लावत नाहीत. आणि खिळे ठोकल्याशिवाय त्या तिरडीला कुणी खांदा देत नाही, सख्खा नवराही नाही.

यशोदाबाईच्या आईला असेच खिळे ठोकले होते. तिचं नाव वना. यशोदा जन्मली आणि वना गेली. गावाच्या खालच्या अंगाला नाला आहे, त्याच्या पलीकडे तिला जाळलं, आणि तेव्हापासून तो वनाचा नाला झाला. यशोदाबाईनं आता पन्नाशी ओलांडली. आईचा फोटो नाही, आई दिसायला कशी होती ते कुणी कधी सांगितलं नाही, पण आईचे पाय उलटे आहेत हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. दिवेलागणीनंतर नाला ओलांडणारा माणूस खिशात लोखंडाचा तुकडा ठेवतो. बैल बिथरला, वना. मोटरसायकल घसरली, चालवणारा दारू पिऊन तर्र असला तरी, वना. शाळेत यशोदाच्या शेजारी पोरी बसायच्या नाहीत. हडळीची पोर.

लहानपणी ती भर दुपारी एकटी नाल्यावर जाऊन बसायची. सगळ्यांना दिसते तर आपल्याला का दिसणार नाही, आपली तर आईच आहे. हाका मारायची. कधी कुणी ओ दिली नाही. तिला वाढवणाऱ्या मावशीला कळलं तेव्हा मावशीनं ओल्या फोकानं फोडून काढलं.

त्याच मावशीनं मरताना सांगितलं. वना अडली होती. पिंपळनेरला सरकारी नर्स होती. गाडी दारात उभी होती. पण पेरणीचे दिवस, आणि वनाचा सासरा म्हणाला, बैल मोकळे नाहीत.

"बैल जुपात नहीत, माय," मावशी म्हणाली. "एवढंच व्हयनं."

नाल्यावर हडळ आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. बैल जुंपले नाहीत हे कुणालाच ठाऊक नाही. यशोदाबाईचं लग्न त्याच गावात झालं, खालच्या गल्लीतून वरच्या गल्लीत, आणि मावशीची ती गोष्ट तिनं कधी तोंडातून काढली नाही. ऐकणार कोण होतं?

दिपमाला तिची सून. धरणगावकडची, कापसाच्या मुलखातली, काटकुळी आणि तोंडाची फटकळ. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "आत्या, तुमनी भाकर एक बाजूनी कच्ची राहस." यशोदाबाई बरेच दिवस तिच्याशी बोलली नाही. मग भाकरी दिपमालाच करायला लागली आणि त्या खरोखर चांगल्या होत्या, त्यामुळे भांडण पुढं चालवता आलं नाही. एकदा दोघी सरपण घेऊन नाल्यावरून येत होत्या. यशोदाबाई नेहमीसारखी मान खाली घालून झपझप चालली होती. दिपमाला मधेच थांबली, मोळी खाली टाकली आणि म्हणाली, "आत्या, तुमनी मायले काही निरोप देवाना शे का?"

यशोदाबाईला आधी राग आला. मग हसू आलं, आणि ते थांबेना. तिच्या आईला हडळ न म्हणता 'तुमनी माय' म्हणणारं माणूस तिला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं.

साक्रीला लीलाधर डॉक्टरचा दवाखाना होता. काचेचा दरवाजा, बाहेर गोऱ्यापान हसऱ्या बाळाचं पोस्टर, पाटीवर 'चोवीस तास सेवा'. दिपमालेला तिथं नेलं. सकाळी पोट कापून मुलगी काढली. डॉक्टरांनी टाके घातले, हात धुतले आणि धुळ्याला निघून गेले. तिथं दुसऱ्या कुणाच्या दवाखान्यात दुसरी बाई टेबलावर घेऊन ठेवलेली होती. त्यांच्यामागे अख्ख्या इमारतीत एकही डॉक्टर नव्हता. एक सिस्टर होती, ती अजून शिकत होती, आणि एक फरशी पुसणारी बाई होती. सेवा चोवीस तास होती, डॉक्टर नव्हता. तो चोवीस तास रस्त्यावर असायचा, या गावातून त्या गावात, पोटं कापत.

दिपमालेच्या खालचं कापड भिजलं. बदललं. पुन्हा भिजलं. गादीतून खाली ठिबकायला लागलं तेव्हा फरशी पुसणारी बाई कुणी न सांगता बादली घेऊन आली आणि पुसायला लागली. म्हणजे तिला हे नवं नव्हतं. यशोदाबाईनं सिस्टरला हाताला धरून ओढत आणलं. सिस्टरनं डॉक्टरला फोन लावला, थोडं बोलली आणि फोन यशोदाबाईच्या कानाला लावला.

"आजी, बाळंतपणात रक्त जातंच," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही पण बाळंत झालात ना कधीतरी? सलाईन वाढवायला सांगितलंय."

"ती थंडी पडी राह्यनी, साहेब."

"मग पांघरूण घाला."

घातलं. एकावर एक घातलं. दिपमालेचे ओठ कागदासारखे झाले होते.

"आत्या, मना कानमा पानी वाजी राह्यनं."

"पडी राह्य. बोलू नको."

"पोर कोनासारखी शे?"

"तुन्हासारखी. आतापाईन कल्ला करस."

दिपमालेनं हसायचा प्रयत्न केला. तिचा नवरा नवल, यशोदाबाईचा मुलगा, खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं बायकोच्या पायाला हात लावला आणि लगेच काढून घेतला, इतका तो पाय गार होता. पुन्हा फोन. या खेपेला सिस्टर बोलता बोलता रडायला लागली, आणि बहुतेक त्यामुळंच पलीकडून हुकूम आला : धुळ्याला रेफर करा, लगेच. दवाखान्याची गाडी दुरुस्तीला गेलेली. रक्ताची पिशवी नाही, कारण मागवलीच नव्हती. गावातल्या पिंटूची व्हॅन, जी सकाळी त्यांना घेऊन आली होती, तीच दारात लावली.

रेफर म्हणजे काय ते खानदेशातल्या कुठल्याही बाईला विचारा. मरायला टेकलेली बाई आपल्या छपराखालून काढायची आणि रस्त्यावर सोडायची. रस्त्यात मेलेली बाई कुठल्याच डॉक्टरच्या नावावर पडत नाही.

धुळ्याच्या रस्त्यावरचं नेर मागे पडलं होतं, कुसुंबा यायचं होतं, तेव्हा दिपमाला गेली. कशी गेली ते कुणाला कळलंही नाही. यशोदाबाईच्या एका मांडीवर तिचं डोकं होतं, दुसऱ्या मांडीवर तिची मुलगी होती. मुलगी रडायची थांबली, आणि यशोदाबाईनं खाली बघितलं तर आई केव्हाच थांबली होती.

नवलनं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि डॉक्टरला फोन केला. सवयच ती. आपल्याकडे माणूस मेला तरी डॉक्टरला विचारतात, आता काय करू?

"वाईट झालं," डॉक्टर म्हणाले. फोन स्पीकरवर होता. "आता नीट ऐक, नवल. धुळ्याला नेलंस तर पोलीस, पंचनामा, चिरफाड. दोन-दोन दिवस बॉडी देत नाहीत ते. आणि बाळंतीण आहे. तुमच्याकडची रीत मी तुला सांगायला पाहिजे का? दिवस मावळायच्या आत उरकून घ्या."

लीलाधर डॉक्टर काही मुंबईहून आलेला नव्हता. याच मातीतला, शेतकऱ्याचाच मुलगा. त्याच्याही आजीच्या फडताळात राळे असणार.

नवलनं मागे वळून आईकडे बघितलं. "माय, साहेब सांगतस घर लई जा."

यशोदाबाईनं पोर पदराखाली घेतली. व्हॅन वळली. पिंटूनं आरसा वर करून टाकला, मागचं काही दिसू नये म्हणून. साक्री गेलं, पिंपळनेर गेलं, आणि वाटभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सून जिवंत होती तेव्हा ज्या माणसाला तिची घाई नव्हती, त्याला ती मेल्यावर एवढी घाई कशाची? आणि आपल्या रीतीची एवढी काळजी त्याला कधीपासून?

पौषातला दिवस, लवकर उतरत होता. दिपमालेला अंगणात ठेवलं तेव्हा सगळं गाव जमलं होतं, पण कडेकडेनं, भिंतींना पाठी लावून. मधे मोकळी जागा आणि त्या जागेत ती. रडणाऱ्या बायकासुद्धा लांबून रडत होत्या. शेजारची एक सून ओली बाळंतीण होती. यशोदाबाईनं पोर तिच्यापुढं धरली, घोटभर पाज म्हणाली. त्या पोरीनं हात पुढं केलेही, पण तिच्या सासूनं तिला मागे ओढलं. "पाप लागू दे माले, अक्का," ती सासू म्हणाली, "पन मन्हा घर बी लेकरू शे." शेवटी शेळीचं दूध काढलं आणि कापसाच्या बोळ्यानं पोरीच्या तोंडात पिळलं.

जीवराम नाना आला. गावातली मयत त्याच्याशिवाय उठत नाही. त्यानं खिळे, हातोडी आणि राळ्याची पुरचुंडी यशोदाबाईच्या पुढ्यात ठेवली आणि आभाळाकडे बघितलं.

"यशोदा, उठ माय. दिवस बुडी राह्यना."

"बुडू द्या."

"धरणगावथून तिना भाऊ निंघेल शे, माले ठाऊक शे. पन त्यानी वाट देखता येवाव नही."

"मी त्यानी वाट देखी नही राह्यनी, नाना. मी खिळा ठोकाव नही."

कुणीतरी घाबरून हसलं. तिचा नवरा लोटन ओट्यावर बसला होता, तो उठून उभा राहिला. "डोकं फिरनं का तुनं? सारा गावले तरास व्हई."

"आन तिले व्हयना तो?"

जीवराम नाना समजुतीच्या आवाजात बोलायला लागला. म्हातारा वाईट नव्हता. रीत वाईट माणसं चालवतात असं थोडंच आहे, चांगलीच चालवतात. "देख, ती रीत शे. तिले बी सुख, आपले बी सुख. तुनी मायले बी..." तो तिथंच थांबला.

"बोला ना, नाना. मन्ही मायले बी ठोकात. मंग थांबनी का ती? पन्नास वरीसपाईन तुम्हीनच सांगतस, रोज कोनले ना कोनले दिखस. खिळा ठोकीसन काय उपेग व्हयना?"

अभिमन नावाचा एक टारगट मागे होता, तो हळूच म्हणाला, "खिळा बारीक व्हतीन," आणि त्याला शेजारच्यानं कोपरानं ढोसलं.

यशोदाबाई उभी राहिली. पोर खांद्यावर होती.

"मन्ही माय हडळ नही व्हयनी. ती अडनी व्हती. नर्सकडे लई जावाले बैल जुपात नहीत. गाडी दारमा व्हती, बैल गोठामा व्हतात, पन जुपात नहीत. म्हनीसन ती मरनी. मंग तुम्हीन तिनी हडळ करी टाकी. हडळ करी टाकी म्हंजे बैलनी गोष्ट कोनी काढस नही."

ज्या घरानं बैल जुंपले नव्हते त्या घरातली माणसं तिथंच उभी होती, तिचे चुलते, चुलतभाऊ.

"इनी मी हडळ होऊ देवाव नही," ती दिपमालेकडे बोट करून म्हणाली. "इले धुळे लई जानं शे. डॉक्टर पोट उघडतीन, देखतीन, काय व्हयनं ते लिखतीन."

बाळंतीण, मेलेली, आणि तिचं पोट उघडायचं. बायकांनी तोंडाला पदर लावले. जीवराम नानानं पुन्हा एकदा आभाळाकडे बघितलं, आणि त्याच्याबरोबर सगळ्यांनी बघितलं. डोंगराच्या मागं फक्त थोडी लाली उरली होती. मग जे झालं ते झपाट्यानं झालं. आधी लेकुरवाळ्या बायका गेल्या, पोरांना ओढत. मग म्हातारे गेले. मग तरणे, आधी चालत आणि वळणानंतर पळत. दारं लागली, कड्या पडल्या. खिळे न ठोकलेली बाळंतीण उघड्या अंगणात आणि दिवस बुडालेला. वनानं पन्नास वर्षांत एवढं गाव रिकामं केलं नसेल, तेवढं दिपमालेनं नुसतं पडून केलं.

ज्या भीतीवर डॉक्टरचा भरवसा होता, तिनंच त्याला दगा दिला. आता यशोदाबाईला अडवायला गावात कुणी उरलंच नाही.

पिंटूनं किल्ली व्हॅनच्या बॉनेटवर ठेवली आणि दूर जाऊन उभा राहिला. "काकू, गाडी लई जा. परत आननी तं धुईसन आना. नही आननी तरी चाली."

"तू नही येत?"

"मना अजून लगीन बाकी शे, काकू." आणि तोही गेला.

नवल गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. त्याला ट्रॅक्टर चालवता येत होता, व्हॅनही आली असती.

"ऊठ."

"माय, माले भ्याव वाटस."

"माले बी वाटस," यशोदाबाई म्हणाली.

हे खरं होतं. तिनं गावाला जे सांगितलं ते खरं होतं आणि हेही खरं होतं. हडळ नसते असं तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं. सगळा जन्म ती नाल्यावरून मान खाली घालून गेली होती. तरी तिनं दिपमालेच्या पायांना हात घातला. नवलनं खांद्यांकडून उचललं. लोटन तसाच ओट्यावर उभा होता, मग एकाएकी खाली उतरला आणि व्हॅनचं मागचं दार उघडून धरलं.

नवल गाडी चालवत होता. मागे यशोदाबाई, तिच्या मांडीवर पोर, आणि शेजारी चादरीखाली दिपमाला. खड्ड्यात गाडी गेली की चादर हालायची, आणि यशोदाबाई दाराकडे सरकायची. ती बोलत राहिली, बोलणं थांबलं तर दुसरं कुणी बोलेल या भीतीनं. आता पिंपळनेर आलं. आता थोडंच राहिलं, माय. तुनी पोर झोपनी. रागावू नको. तुले तरास देवाना मन्हा इचार नव्हता.

मग तिच्यानं राहवलं नाही. तिनं चादर पायाकडून वर केली.

पाय सरळ होते. टाचांना भेगा, एका पायात जोडवं, दुसऱ्यातलं दवाखान्यात काढलेलं. अंगठ्यांना गुलाबी नेलपेंट, अर्धं उडालेलं. आठव्या महिन्यात खाली वाकता येत नाही म्हणून दिपमालेनं ते सासूकडून लावून घेतलं होतं, आणि सासूनं नखाबाहेर फासून ठेवलं होतं म्हणून दिवसभर हसली होती. यशोदाबाईनं चादर पुन्हा घातली. आपण काय बघायला गेलो होतो, याची तिला फार लाज वाटली.

साक्रीत शिरताना नवलचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि फोन मागे दिला.

"आजी का? मी ऐकतोय ते खरं आहे का?" लीलाधर डॉक्टर. गावातून कुणीतरी कळवलंच होतं. "अजून अग्नी दिला नाही?"

"नही."

"अहो, काय करताय तुम्ही हे? अंधार पडला. मुलीच्या आत्म्याचा तरी विचार करा."

यशोदाबाईनं फोन दुसऱ्या कानाला धरला.

मग डॉक्टरनं विचारलं, आणि आता त्याचा आवाज डॉक्टरचा नव्हता, कुठल्याही गावातल्या कुठल्याही पोराचा होता : "खिळे ठोकलेत ना?"

"ठोकात नहीत."

"आता... कुठं आहे ती?"

यशोदाबाईनं काचेतून बाहेर बघितलं. हसऱ्या बाळाचं पोस्टर मागे जात होतं.

"तुमना दवाखानासमोर," ती म्हणाली.

फोन बंद झाला. गाडी थांबली नाही. पण त्या क्षणापासून धुळ्यापर्यंत तिला चादरीची भीती वाटली नाही. जिवंत बाईला जो भ्याला नाही तो मेलेलीला भ्याला, आणि त्याच्या रांगेत उभं राहायची तिची इच्छा नव्हती.

धुळ्याला शवविच्छेदन झालं. दिपमालेचा भाऊ ईश्वर परस्पर तिथंच पोचला आणि भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. आतली एक रक्तवाहिनी नीट बांधलेलीच नव्हती. रक्त बाहेर जात होतं त्यापेक्षा जास्त पोटात साचत होतं, आणि वरून पांघरूण घाला सांगत होते. पोलिसांनी जबाब घेतले. समिती नेमली. समिती बसली. सरकारी समिती एकदा बसली की लवकर उठत नाही.

पण साक्रीत दुसरंच सुरू झालं. दवाखान्याच्या जिन्यात बाई दिसते. ओले पाय उमटतात. सिस्टरकडे पांघरूण मागते. राखणदार नोकरी सोडून गेला. बघता बघता बाकं रिकामी पडली, दिवस भरलेल्या बायका घेऊन लोक दुसरीकडे जायला लागले.

नवलला बरं वाटलं. "माय, कायदानी नही करं ते दिपमालानी करं."

"दिपमालानी काही करं नही. ती मरी गई."

"लोके म्हनतस ना. म्हनू द्या. त्यानं दुकान तं बंद व्हयनं."

यशोदाबाईला बरं वाटत नव्हतं. ती बाजाराला जायची तेव्हा बायकांना थांबवून सांगायची, तिथं कुणी फिरत नाही, तिला रक्त दिलं नाही, डॉक्टर जागेवर नव्हता. बायका मनापासून ऐकायच्या, हळहळायच्या, आणि शेवटी विचारायच्या, "पन कोनता मजलावर दिखस?" पोर आता बसायला लागली होती. तिचं नाव रुपली ठेवलं होतं. गावात तिला हाक मारताना मुलं आणखी काय म्हणतात ते यशोदाबाईला ऐकू यायचं. तेच शब्द होते. एकही बदललेला नव्हता.

मग ईश्वरचा फोन आला. धरणगावला नवा दवाखाना उघडलाय, नवी पाटी, नवं नाव, चोवीस तास सेवा. डॉक्टर तोच. उद्घाटनाला मोठे लोक होते, पेढे वाटले.

झालं असं की हडळीला हद्द असते. ती जागा धरते, माणूस धरत नाही. साक्रीची हडळ साक्रीच्या जिन्यात राहिली, आणि लीलाधर डॉक्टर सामान उचलून जळगाव जिल्ह्यात गेला. दिपमालेच्या माहेरातच गेला. हडळीला काय, एसटीचं तिकीट मिळत नाही.

यशोदाबाईनं रुपलीला उचललं आणि धरणगाव गाठलं. ईश्वर म्हणाला, मी येतो बरोबर, दगड घेऊन येतो. ती म्हणाली, दगड नको. बाजाराच्या दिवशी ती एकटीच त्या दवाखान्यात गेली आणि बाकावर जाऊन बसली. रंगाचा वास अजून गेला नव्हता. शेजारी एक सासू होती, तिच्या पलीकडे तिची पोटुशी सून.

"नात शे का?" सासूनं रुपलीचा गाल ओढला. "कथाईन उनात?"

"पिंपळनेरकडथून."

"इतलं लांबथून? डॉक्टर चांगला शे म्हना की मंग. साक्रीले व्हता ना पहिले. तठे हडळ लागनी म्हने बिचाराना दवाखानाले. सोडना पडना त्याले."

"हडळ नव्हती," यशोदाबाई म्हणाली. "मन्ही सून व्हती. दिपमाला. हाई तिनीच पोर."

त्या बाईनं गालावरचा हात काढून घेतला आणि बाकावर थोडी सरकली. यशोदाबाईनं ते बघितलं. तिला त्याची सवय होती. तिनं सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून, आवाज न चढवता. सकाळी टाके घातले. मग डॉक्टर धुळ्याला गेला. कापड भिजलं. फरशी पुसणारी बाई बादली घेऊन आली. फोनवर पांघरूण घाला म्हणाला. रक्ताची पिशवी नव्हती. गाडी नव्हती. समोरच्या बाकावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. सासू म्हणाली, "पुरं व माय, पोटुशीसमोर असं बोलतस का," आणि सुनेचे कान झाकल्यासारखा हात पुढं केला. आतून एक माणूस आला आणि म्हणाला, "आजी, पेशंट नसेल तर बाहेर बसा." यशोदाबाई उठली. दारापर्यंत जाताना, दार उघडताना, बाहेर पायरीवर गेल्यावरही ती सांगतच होती, नेर मागं पडलं होतं आणि कुसुंबा यायचं होतं इथपर्यंत.

काचेचं दार तिच्यामागं हळूहळू मिटत होतं. त्या फटीतून तिला ती पोटुशी पोरगी दिसली. सासूचा हात बाजूला सारून, एक हात कमरेवर ठेवून ती उठली आणि चालत काउंटरपाशी गेली.

"ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर इथंच थांबतात का?" ती पोरगी विचारत होती. "आणि रक्त कुठं ठेवता तुम्ही? मला दाखवा."